नववीत बायोलॉजीत सी आला, आता बर्कलीचं काय?

मीनल_फ्रीमाँट:
मुलाची नववी जूनमध्ये संपली. पीई (शारीरिक शिक्षण) सोडून सहा विषय, दोन सेमिस्टर: आठ ए, तीन बी आणि बायोलॉजीत एक सी. तो निवांत आहे, झोप माझी उडाली आहे. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये एकजण म्हणाली, "नववी धरतंय कोण?" दुसरी म्हणाली, "सी? बर्कली विसर." आमच्या वेळी पुण्यात नववीचे मार्क नंतर कुणी विचारलेसुद्धा नाहीत, त्यामुळे मला काहीच अंदाज नाही. त्याला बर्कली किंवा यूसीएलए हवंय, जमलं तर स्टॅनफर्ड. इंजिनीअरिंगच करायचंय. काउन्सेलर ऑगस्टमध्ये भेटेल. तोवर कुणी नीट सांगेल का?

खवचट_खान्देशी:
तोवर पोराला उन्हाळा उपभोगू द्या. तुम्हीही थोडा घ्या.

वसुधा_सनीवेल:
मीनल, मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पार्किंगमधल्या दोघीही अर्ध्याच बरोबर आहेत.

यूसी, म्हणजे बर्कली आणि यूसीएलए ज्यात येतात ते कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ, जीपीए (ग्रेडची सरासरी, ए चे ४, बी चे ३, सी चे २) काढते तो फक्त दहावी-अकरावीचा, आधीचे-मधले-नंतरचे उन्हाळे धरून. नववी त्या आकड्यात येत नाही, पण अर्जात भरावी लागते, म्हणजे वाचणाऱ्याला दिसते. ए-जी यादीतल्या (यूसीच्या प्रवेशासाठी सक्तीच्या) १५ कोर्सेसमध्ये किमान सी लागतो, तो तुझ्या मुलाला मिळालाय. कुणी "उन्हाळ्यात बायोलॉजी परत करून घ्या" म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस. सी किंवा वरची ग्रेड असेल तर परत केलेल्या कोर्सची नवी ग्रेड यूसी मोजतच नाही.

स्टॅनफर्ड चारही वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) बघतं. तुझ्या आकड्यांवरून नववीचा जीपीए ३.५८ येतो. दहावी-अकरावीत सगळे ए आणले तरी अनवेटेड (अवघड कोर्सचे जादा गुण न धरता) ३.८६. अर्लीचा (लवकरच्या फेरीचा) अर्ज १ नोव्हेंबरला जातो, तेव्हा बारावीच्या ग्रेड हातात नसतात, म्हणून नववीचा वाटा चक्क एक तृतीयांश. चढता आलेख त्यांना आवडतो हे खरं, पण तिथे शंभरातल्या चौघांनाही घेत नाहीत, ४.० वालेही ढिगाने परत येतात. त्या एका सी वर खापर फोडू नकोस.

तू विचारलं नाहीस तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं: नववीत गणित कुठलं होतं? जॉमेट्री असेल तर पुढे अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस. अल्जिब्रा वन असेल तर मध्ये एखादा उन्हाळा घातल्याशिवाय गाडी प्रीकॅल्कवरच थांबते. इंजिनीअरिंगला हे त्या सी पेक्षा कितीतरी जास्त नडतं. शिवाय बायोलॉजीत सी असला की काही शाळा दहावीत ऑनर्स (वरच्या पातळीच्या) केमिस्ट्रीला बसू देत नाहीत. काउन्सेलरला बर्कलीचं विचारण्यात वेळ घालवू नकोस, हे विचार. आमच्याकडे पालक एका सी साठी तासभर वाद घालतात आणि कोर्स निवडीच्या फॉर्मवर न वाचता सही करतात!

डॅलसकर:
टेक्सासवाल्यांनी वरचं वाचून निर्धास्त होऊ नये. इथे १९९७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांत रँकवर (शाळेतल्या बॅचमधल्या क्रमांकावर) आपोआप प्रवेश मिळतो. मूळ कायदा वरच्या १० टक्क्यांचा. यूटी ऑस्टिनने (ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाने) ते ६ वर आणलं होतं, २०२६ च्या बॅचपासून ५. आणि रँकमध्ये नववी पूर्ण मोजतात. काही शालेय डिस्ट्रिक्टमध्ये तर आठवीत केलेला हायस्कूलचा अल्जिब्रासुद्धा. त्यात प्रवेश विद्यापीठात मिळतो, हव्या त्या मेजरला (मुख्य विषयाला) नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी वेगळीच मारामारी.

मीनल_फ्रीमाँट:
वसुधाताई, गणितात जॉमेट्री होती, दोन्ही सेमिस्टरला ए. पण केमिस्ट्री ऑनर्सला शाळेच्या साइटवर बायोलॉजीत बी ची अट दिसतेय. काही मार्ग असतो का?

वसुधा_सनीवेल:
बऱ्याच शाळांत वेव्हर (अट माफ करण्याचा) फॉर्म असतो, त्यावर पालकांची सही लागते. शाळा उघडण्याआधी ऑफिसला ईमेल कर, ऑगस्टपर्यंत वर्ग भरून जातात. त्याआधी मुलाला विचार, सी आला कशाने? लॅब रिपोर्ट उशिरा दिले म्हणून असेल तर भर वेव्हर. विषयच डोक्यात शिरत नसेल तर साधी केमिस्ट्री घेऊन ए आणू दे.