लेकरू तीन भाषांची खिचडी करतंय, डोक्यावर परिणाम होतो का?

देगलूरकर_बाप:
पोरगं पाच वर्षांचं हाय. घरात मराठी, आज्जी तेलुगूतून बोलतात (सासूबाई निजामाबादकडच्या, आमच्याकडंच असतात), गल्लीत दखनी हिंदी अन् शाळा इंग्लिश मीडियम. एका वाक्यात तीन भाषा घुसवतंय. टीचर म्हणतात घरी एकच ठेवा नाहीतर कन्फ्यूज होईल, अन् व्हॉट्सॲपवर येतं की जास्त भाषा म्हणजे डोकं तल्लख, क्रिएटिव्ह. खरं काय धरायचं?

उदगीरची_ताई:
दादा, टेन्शन घेऊ नका. माझी भाची आईकडं मराठीत बिस्कीट मागती, मिळालं नाही की तिथंच वळून आज्जीला कन्नडमधून मस्का लावती. कुणाला कशात पटवायचं हे कळतंय ते लेकरू कन्फ्यूज कसं? एकेका भाषेतले शब्द कमी वाटतात, सगळ्या मिळून मोजा. आधी तज्ज्ञ पण टीचरसारखंच म्हणायचे, १९६२ ला पील अन् लँबर्ट ह्या संशोधकांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची पोरं तपासली तर बुद्धीच्या टेस्टमध्ये दोन भाषावालीच पुढं.

निवांत_नांदेडकर:
तल्लख-बिल्लख जरा जपून. २०१३ ला पॅप अन् ग्रीनबर्ग ह्या संशोधकांनी लक्ष अन् मनावरचा ताबा तपासणाऱ्या टेस्ट घेतल्या, फायदा काही सापडला नाही. पण त्याच वर्षी हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडींच्या टीमनं स्मृतिभ्रंशाचे ६४८ पेशंट बघितले, जास्त भाषावाल्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा, अन् शाळेचं तोंड न बघितलेल्यांत सुद्धा फरक दिसला. म्हणजे फी न भरता गल्लीत शिकलेल्या भाषा बरं का.

पैठणचा_पक्या:
क्रिएटिव्हचं म्हणाल तर आमच्या नाथांचा हिंदू-तुर्क संवाद बघा, तुर्क दखनीत भांडतो, हिंदू मराठीत, दोन्हीकडचं बोलणं कानात मुरल्याबिगर असं लिहिणं जमतं व्हय? निलंग्याचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी तर उर्दू, फारसीपासून गोंडीपर्यंत गेले. पण आमचा पानवाला पण चार भाषा बोलतो, चारीत उधारीच मागतो 😄 गाणी, कोडी, गोष्टी कानावर पडल्या तर उपयोग.

देगलूरकर_बाप:
😂 पण टीचरचं ऐकून सासूबाईंनी त्याच्याशी बोलणंच कमी केलंय, रुसल्यात.

उदगीरची_ताई:
मग आधी त्यांना बोलतं करा, झोपताना गोष्ट तेलुगूतूनच सांगू द्या, टीचरला पालकसभेत बघू. फक्त सगळ्याच भाषांत बोलणं मागं पडत असलं तर डॉक्टरला दाखवा, तो इश्यू वेगळा.