मदत हवी आहे : कोविड वॉर्डातल्या नर्स आणि घरी गेलेल्या पेशंटसाठी

मंडळी, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कोविड सेंटरमध्ये स्टाफ नर्स आहे. मे २०२१ उजाडला, दुसरी लाट काही ओसरत नाही.

डिस्चार्ज देताना आम्ही गोळ्या समजावतो, पण घरी गेल्यावर आजी-आजोबांचे फोन येतात, "सिस्टर, पालथं झोपायचं म्हणजे उशी नेमकी कुठे ठेवायची?" एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली हे फोनवर सांगून कळत नाही हो, चित्र लागतं. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन मोजायचा, ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचं, बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हेही त्यात हवं. असं मोठ्या अक्षरांतलं, साध्या मराठीतलं पत्रक कुणाकडे आहे का? डॉक्टरांनी तपासलेलं हवं. काढ्याचे फॉरवर्ड कृपया नकोत, ते आमच्याकडे पोत्यानं आहेत.

दुसरं जरा अवघड आहे. सहा-सहा तास पीपीई किटमध्ये, पाणीसुद्धा नाही. त्याहून वाईट म्हणजे नातेवाइकांना शेवटचा व्हिडिओ कॉल लावून देणं. माझी जोडीदारीण परवा चेंजिंग रूममध्ये बसून राहिली, उठेचना. केंद्र सरकारची 'किरण' हेल्पलाइन, १८००-५९९-००१९, मराठीतही आहे, तो नंबर तिला दिलाय. पण रात्रपाळीनंतर आम्हा पाच-सहा जणींशी एकत्र बोलेल असं कुणी समुपदेशक ओळखीत आहे का? ऑनलाइन चालेल. शक्यतो सकाळी नऊनंतर, आंघोळ करून दोन घास खाल्ले की.