पत्रांवरून गाणी बांधताना : तुमचे अनुभव लिहा

घरातली जुनी पत्रं घेऊन, किंवा नुसता पत्राचा घाट घेऊन, अल्बम करणाऱ्यांसाठी हा धागा. जे हाताने करून पाहिलंय तेच लिहा : मजकूर कसा निवडावा, चाल कुठे अडते, ध्वनिमुद्रणात काय बिघडतं, हक्कांचं काय.

टाकदौत
आधी कागद सांभाळा. लॅमिनेशन करू नका, फाटक्या घडीला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. स्कॅन ६०० डीपीआयवर, रंगीत. कृष्णधवलमध्ये फिकट शाई कागदातच विरून जाते. अंतर्देशीय पत्र पूर्ण उलगडून दोन्ही बाजू घ्या. जागा संपली की लोक समासात आडवं लिहीत, चिकटवायच्या पट्टीवरही लिहीत, आणि मनातलं खरं बरेचदा तिथेच असतं.

पत्र मोडीत असेल तर जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्या. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्दही तोडलेले नसतात. ते ठरल्याशिवाय अर्थ पक्का होत नाही आणि मात्राही मोजता येत नाहीत.

मात्रामोजणी
वरच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे. पत्रातलं गद्य तालात बसवताना मजकूर कमीत कमी हलवावा. समजा ओळ आहे, ‘तुझे पत्र मिळाले, खुशाली कळली’. लघूची एक, गुरूच्या दोन धरल्या तर अकरा आणि नऊ, म्हणजे वीस. ‘तुझे’ काढलं की पहिला तुकडा आठ मात्रांचा होतो (जोडाक्षरामुळे ‘पत्र’च्या तीन). दुसऱ्यात एक मात्रा जास्त आहे. तिथे पत्रांच्याच भाषेतलं ‘कुशल समजले’ घ्या. ‘पत्र मिळाले, कुशल समजले’ : आठ अधिक आठ, सरळ पादाकुलक (सोळा मात्रांचं वृत्त), आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं. पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडी न शोभणारा कवितेतला शब्द घातला असता तर मात्रा जुळल्या असत्या आणि पत्र मेलं असतं.

भाताचे मण, गावांची नावं, तारखा यांना हात लावू नका. त्या ओळी तालात येत नसतील तर मुक्त म्हणा.

कोमल_गंधार
मायना तालात बांधू नये असं माझं ठाम मत आहे. ‘ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ हे गाताना पूर्ण उच्चारा : तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. नुसत्या तानपुऱ्यावर, आलापासारखं, मग ठेका. पण अल्बमभर प्रत्येक गाणं असं सुरू केलं तर तिसऱ्या गाण्याला कान कंटाळतो, दोनतीनच ठेवा.

ध्रुवपदाचा प्रश्न मोठा. पत्राला ध्रुवपद नसतं. एकाच माणसाची चारपाच पत्रं शेजारी ठेवली की एखादं वाक्य पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं, ‘उलट टपाली उत्तर पाठव’ किंवा ‘प्रकृतीस जपावे’ असं. तेच ध्रुवपद. ‘ता. क.’ शेवटच्या समेनंतर, वाद्यं थांबल्यावर घ्या. अंतऱ्यात ढकललं तर ते नंतर आठवलेलं वाटत नाही.

चारतारा
इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलो आणि ब्रॉड्स्की क्वार्टेट ही तंतुवाद्यांची चौकडी यांचा १९९३ चा अल्बम ‘द ज्युलिएट लेटर्स’ जरूर ऐका. गळा आणि चार तंतुवाद्यं, बस. इटलीतल्या व्हेरोनात रोमिओ-ज्युलिएटमधल्या ज्युलिएटच्या नावाने येणाऱ्या पत्रांवरून कल्पना सुचली, पण त्यात नुसती प्रेमपत्रं नाहीत. जाहिरातीच्या पत्राचंही गाणं आहे. आपल्याकडे जुन्या मनीऑर्डरच्या कुपनांवरचा मजकूर आहे, जुन्या तारा आहेत. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे ओळ आपोआप आखूड होते.

ध्वनिकट्टा
पेनाचा आवाज सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांचा फसतो. जेल पेन जवळजवळ मुकं असतं. बोरू किंवा स्टीलची निब आणि खरबरीत हातकागद घ्या. कागदाखाली मऊ पॅड नको, त्यात आवाज जिरतो. पातळ प्लायवूड ठेवा. छोट्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक निबेपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, स्टँड टेबलाला न टेकता. पंखा, फ्रिज बंद. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि ८० हर्ट्झखालची घरघर कापून टाका.

मिक्समध्ये खरी अडचण येते. निबेची खरखर आणि गायकाचे स, श साधारण एकाच वरच्या पट्ट्यात असतात. दोन्ही एकदम वाजले की शब्द पुसट होतात. म्हणून लेखणी फक्त गाण्याआधी आणि मधल्या म्युझिकपीसवर. गळा आला की ती पूर्ण बंद.

वहिवाट
हक्कांचं कोणीच लिहिलं नाही. कागद ज्याला पत्र आलं त्याचा; मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. भारतात ही मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं, पण हयातीत प्रकाशित न झालेल्या मजकुराची साठ वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे ‘आजोबा जाऊन साठ वर्षं झाली, पत्र मोकळं झालं’ हा हिशोब चालत नाही. संमती सगळ्या वारसांची घ्या, एका काकांच्या होकारावर जाऊ नका. कागदावर लिहा : कोणत्या ओळी, किती बदलून, कोणती नावं गाळून, आणि मूळ पत्राचं चित्र कव्हरवर छापायचं की नाही.