पोलीस श्वानांना पदकं: सन्मान कुणाचा आणि कशासाठी?

पायवाट
पोलीस दलातल्या कुत्र्यांना आणि त्यांच्या हँडलरना, म्हणजे त्यांना सांभाळून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या पोलिसांना, उत्कृष्ट कामगिरीसाठी पदक द्यायचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "कुत्र्याला काय कळतंय पदकातलं?" मला हा आक्षेप अजिबात पटत नाही.

ब्रिटनमधल्या फिनचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टीव्हनेज इथे एका संशयिताचा पाठलाग करताना या जर्मन शेफर्डच्या छातीवर आणि डोक्यावर चाकूचे वार झाले. तरी त्याने पकड सोडली नाही. हँडलर डेव्ह वॉर्डेल यांच्यावर आलेलं हाताच्या जखमेवर निभावलं. खटल्यात मात्र फिनवरच्या हल्ल्याला कलम लागलं ते मालमत्तेच्या नुकसानीचं, एखाद्याच्या गाडीची काच फोडावी तसं. पुढे २०१८ साली फिनला पीडीएसए या प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि सेवेतल्या प्राण्यावर वार करून 'स्वसंरक्षणासाठी केलं' म्हणायची पळवाट बंद झाली. जीव म्हणून नोंद व्हावी यासाठी पदक लागतं. ते कुत्र्याला कळो न कळो, आपल्याला कळलं पाहिजे.

कडूनिंब
पायवाट, फिनबद्दल आदर आहेच. पण कायदा पदकामुळे बदलला नाही. वॉर्डेल आणि हजारो लोकांनी रेटा लावला म्हणून बदलला.

कुत्रं काम करतं ते चेंडूसाठी आणि हँडलरच्या शाबासकीसाठी, ते त्याला जागेवरच मिळतं. त्याला खरी गरज पडते सेवा संपल्यावर. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये हजारो कुत्री वापरली आणि त्यातली बहुतेक परत आणलीच नाहीत. निवृत्त लष्करी कुत्र्यांना दत्तक देता यावं म्हणून कायदा व्हायला २००० साल उजाडावं लागलं. आजही बऱ्याच ठिकाणी निवृत्त श्वानाच्या औषधपाण्याचा भार हँडलरच्याच खिशावर पडतो. जर्मन शेफर्डचं मागचं खुब्याचं दुखणं सुरू झालं की त्याला उचलून जिना चढवायला पदक देणारे पाहुणे येत नाहीत. आधी ही सोय करा, मग समारंभ.

अनुस्वार
माझी काळजी वेगळी आहे. पदक कोणत्या निकषावर देणार?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्वान आणि हँडलर अशा १८ जोड्यांना खोल्यांची झडती घ्यायला लावली. कुठेही अमली पदार्थ किंवा स्फोटकं ठेवलेली नव्हती. हँडलरना मात्र सांगितलं होतं, की लाल कागद दिसेल तिथे माल असू शकतो. तब्बल २२५ वेळा खोटा इशारा मिळाला, आणि लाल कागदापाशी जास्त. म्हणजे हँडलरच्या मनात जे असतं ते कुत्र्यापर्यंत पोचतं किंवा त्याला कुत्र्याच्या वागण्यात तेच दिसतं. उद्या 'किती वेळा सापडलं' यावर पदकं वाटलीत, तर हँडलरला सापडायलाच हवं असेल. आणि झडती एखाद्या निरपराध माणसाची होईल.

निरभ्र
श्वान पथकात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो.

अनुस्वार, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो प्रशिक्षणात रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणूनच माल कुठे लपवलाय हे हँडलरलाही न सांगता सराव घेतात. बॅगांच्या रांगेतून जाताना कुत्र्याने वास पकडला, की आधी चाल बदलते. पुढे गेलेली मान झटकन मागे वळते, तोंड मिटतं, भराभर हुंगणं सुरू होतं आणि मग ते बसतं. भुंकत नाही, पंजा मारत नाही. स्फोटकाला धक्का लागू नये म्हणून तसंच शिकवलेलं असतं. हे बसणं आणि दमून बसणं यातला फरक एकट्या हँडलरला कळतो.

धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. वरून घाई चाललेली असते, सगळे ताटकळलेले असतात, आणि अशा वेळी हँडलरला सांगावं लागतं, "साहेब, याला थोडा वेळ सावलीत बसवू द्या, आत्ता याच्या नाकावर भरवसा ठेवू नका." हे बोलायला छाती लागते. आमच्या कामात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि जागा मोकळी आहे हे खात्रीने सांगणं हेच मुख्य काम असतं. पदक द्यायचं तर याला द्या. त्याची बातमी होत नाही.

पायवाट
निरभ्र, हे मला सुचलं नसतं. मुंबईचा लॅब्राडोर झंजीर आठवतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला. किलोचा आकडा अनेकांना पाठ असतो, पण त्याच्या हँडलरचं नाव कितीजण सांगतील? म्हणून माझा आग्रह आहे, पदक जोडीला द्या आणि दोन्ही नावं एकाच ओळीत कोरा.

कडूनिंब, सोय की सन्मान असं निवडायला लावू नका. ज्याचं नाव लोकांना माहीत असतं त्याच्यासाठी पैसा उभा करणं सोपं जातं.

कडूनिंब
तिथेच तर गाडी अडते. नावाजलेल्या एका कुत्र्यासाठी पैसा उभा राहील, पण ज्याने आयुष्यभर मोकळ्या जागाच तपासल्या त्याचं काय? निरभ्र म्हणतात तो कुत्रा पदकाच्या यादीत येणारच नाही. दलाने प्रत्येक श्वानाच्या निवृत्तीनंतरच्या उपचारांचा खर्च बिनशर्त उचलावा. ते होत असेल तर पदकाला माझा विरोध नाही.

अनुस्वार
आणि शिफारशीसोबत त्या जोडीच्या खोट्या इशाऱ्यांची नोंदही जोडावी. निरभ्र, तुमच्या पथकात ती ठेवत होते का?

निरभ्र
सरावातल्या चुकांची वही असायची, रोज भरायची आणि वरिष्ठ तपासायचे. प्रत्यक्ष कामावरच्या चुकांची नोंद मात्र कुणी मागितली नाही. मागायला हवी होती, हे मान्य.