मदत हवी आहे : आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये नीस (दक्षिण फ्रान्स)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा यंदा सप्टेंबरमध्ये माझ्याकडे श्टुटगार्टला येत आहेत. मुक्काम दोन महिन्यांचा आहे. त्यातला एक आठवडा त्यांना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यायचं ठरवते आहे. ही इच्छा आईची. ती सांगलीला शाळेत भूगोल शिकवायची. भूमध्य सागरी हवामान म्हणजे कोरडे उन्हाळे, हिवाळी पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू-संत्री, हे तिने मुलांच्या कितीतरी तुकड्यांकडून पाठ करून घेतलं. तो समुद्र मात्र तिने स्वतः पाहिलेला नाही. मी जर्मनीत आल्यापासून तिचा एकच प्रश्न असतो, "अगं, तुझ्याकडून भूमध्य समुद्र किती लांब?" तेव्हा या वेळी न्यायचंच.

आता अडचणी. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर ती सावकाश तासभर चालते, पण जिने नकोत, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आई अंडं खाते, मासे नाही. दोघांनाही रात्री आठच्या आत जेवायची सवय.

मुक्काम कुठे करावा हे ठरत नाहीये. नकाशात कान, आँतिब, नीस, मोनॅको, मेंतों सगळी गावं एकाच रेल्वेमार्गावर ओळीने दिसतात. चित्रपट महोत्सवामुळे कानचं नाव आईला माहीत आहे, बाबांना मोनॅकोचा कॅसिनो निदान बाहेरून बघायचा आहे. पण फोटोंत जिकडेतिकडे हॉटेलांच्या नावाच्या छत्र्या आणि आरामखुर्च्याच दिसतात. किनाऱ्यावर नुसतं बसायलाही पैसे पडतात का? नटूनथटून आलेल्या श्रीमंतांच्या गर्दीत साडी नेसलेल्या माझ्या आईला अवघडल्यासारखं होऊ नये, ही मला खर्चापेक्षा मोठी काळजी आहे.

व्हिसा जर्मनीचा काढतो आहोत. मोनॅकोसाठी वेगळा लागतो का?

आणि बाबांची एक मागणी आहे : मार्सेय. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीतून उडी मारली ते बंदर त्यांना पाहायचं आहे. नीसहून जाऊन-येऊन एका दिवसात जमेल का?

जे कुणी तिकडे राहिले आहेत किंवा आई-वडिलांना घेऊन गेले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मुक्काम डोळे झाकून नीसला करा. पाच गावांतलं हेच खरं मोठं शहर आहे, त्यामुळे सगळ्या किमतींची हॉटेलं मिळतात. मोनॅकोत राहू नका, तिथे जाऊन संध्याकाळी परत यायचं. व्हिसाचं म्हणाल तर शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) फ्रान्समधून मोनॅकोत जाता येतं, वेगळा काढावा लागत नाही. जास्त मुक्काम जर्मनीत असल्याने जर्मनीचाच व्हिसा बरोबर आहे. विमा संपूर्ण शेंगेनसाठी वैध आहे ना, तेवढं तपासा.

प्रतिसाद २

मी आँतिबजवळच्या सोफिया आन्तिपोलिसमध्ये नोकरीला आहे. हे १९६९ पासून वसवलेलं तंत्रज्ञान-नगर, आपली बरीच मराठी मंडळी इथे आहेत. माझे सासू-सासरे येऊन गेले आहेत, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी काकूंच्या अवघडलेपणाबद्दल. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालमत्ता आहे. छत्र्या-खुर्च्यांचे ते पट्टे ठेक्याने दिलेले असतात आणि पैसे पडतात ते खुर्चीचे. दोन ठेक्यांच्या मध्ये मोकळा किनारा असतो, तिथे चादर टाकून कुणीही बसतं. नीसला किनाऱ्याच्या वरच्या अंगाला सुमारे सात किलोमीटर लांबीचा सपाट रस्ता आहे, प्रोमनाद देझांग्ले. थंडीत इथे येऊन राहणाऱ्या इंग्रजांनी १८२० च्या दशकात वर्गणी काढून तो सुरू केला, म्हणून इंग्रजांचं नाव. त्यावर ओळीने निळ्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, समुद्राकडे तोंड करून, पूर्ण फुकट. सकाळी तिथे गावातल्या आजीबाई कुत्र्याला घेऊन येतात, पिशवीतून वर्तमानपत्र काढतात आणि तासन् तास बसतात. माझ्या सासूबाई नऊवारीत बसायच्या. शेजारची फ्रेंच आजी रोज "बोंज्यूर मादाम" म्हणायची आणि सासूबाई नमस्कार करायच्या. पाठीमागे नेग्रेस्को हॉटेलचा गुलाबी घुमट, १९१३ चा. तिथली खोली आपल्याला परवडणारी नाही, पण त्यांच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो तोच खुर्चीवरून दिसतो.

पाण्यात पाय घालायचे असतील तर लक्षात ठेवा : नीसला वाळू नाही, गोटे आहेत, मुठीएवढे, गुळगुळीत, पायाखाली सरकणारे. शिवाय दोन पावलांत पाणी खोल होतं. दुखऱ्या गुडघ्यांना हे अजिबात नको. पाण्यासाठी रेल्वेने कानला जा, तिथला किनारा वाळूचा आणि जवळपास सपाट आहे. क्रोआझेत हा तिथला मुख्य रस्ताही सपाट. महोत्सवाची इमारत बाहेरून बघा, लाल गालिचाच्या पायऱ्यांसमोर फोटो काढा. १९४६ च्या पहिल्या महोत्सवात आपल्या चेतन आनंदांचा चित्रपट गौरवला गेला होता आणि २०२४ मध्ये मुंबईच्या पायल कपाडियांना ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला, हे काकूंना आवर्जून सांगा.

काकू भूगोलाच्या बाई आहेत म्हणून त्यांना सिमिये नक्की दाखवा. नीसमधलीच उंचावरची वस्ती आहे, बस वरपर्यंत जाते. तिथे जुन्या ऑलिव्हच्या झाडांची बाग आहे, झाडांखाली बाकं आहेत. शेजारी रोमन अवशेष आणि चित्रकार मातिसचं संग्रहालय (मंगळवारी बंद). वाकडी खोडं, पानांची चंदेरी पाठ, सगळं हाताच्या अंतरावर. वर्गात सांगितलेलं झाड असं हातात घेऊन बघायला मिळणं ही मला या सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. आणि त्यांना हेही सांगा की पुस्तकात हिवाळी पाऊस लिहिलेला असला तरी नीसला सर्वांत जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. कधी एका दिवसात धो धो कोसळतो. म्हणून सप्टेंबरअखेरपेक्षा आधी या.

किल्ल्याच्या टेकडीवर जायला किनाऱ्याच्या पूर्व टोकाला फुकट लिफ्ट आहे. किल्ला उरलेला नाही, चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडला, पण वरून अख्खा उपसागर दिसतो. दुपारी बारा वाजता टेकडीवरून तोफेसारखा बार होतो, रोज. आधी सांगून ठेवा, नाहीतर काका दचकतील.

मोनॅकोला जाताना गाडीत उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. चोवीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. अख्खा देश दोन चौरस किलोमीटरचा आणि सगळा डोंगरउतारावर, पण जागोजागी सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेही फुकट. राजवाड्यासमोर ११.५५ ला पहारा बदलतो. कॅसिनो बांधणारा गार्निये म्हणजे पॅरिसच्या ऑपेराचा वास्तुविशारद. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे, काकांना हे ऐकायला आवडेल.

नीस आणि मोनॅकोच्या मधलं एझ गाव फोटोत सुंदर दिसतं, पण काकूंसाठी टाळा. चारशे मीटरहून उंच, आणि गावभर दगडी पायऱ्या. रेल्वे स्टेशन तर पार खाली समुद्रालगत आहे.

प्रतिसाद ३

खाण्याबद्दल लिहितो, कारण आम्ही घरचे सगळे शाकाहारी आहोत.

नीसचा स्वतःचा पदार्थ सोका. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड. बाबांना बेसनाच्या धिरड्याची आठवण येईल. कडा करपलेल्या, मध्ये मऊ. अंडं नाही, दूध नाही. गरमच खायचा, गार झाला की मजा जाते. बंदराजवळ शे पिपो नावाचं जुनं दुकान आहे, तिथे रांग असते, लवकर जा. रातातुई ही वांगी-टोमॅटो-झुकिनीची भाजीही इथलीच.

सांभाळून : पिसालादिएर कांद्याचा पाव दिसतो, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. नीसच्या सॅलडमध्ये आणि पां बान्यात (इथलं सँडविच) टूना आणि अंडं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की काही जण मासा चालेल असं धरतात. कागदावर लिहून न्या आणि म्हणा : सां व्यांद, सां प्वासों, सां अफ, म्हणजे मांस नको, मासे नको, अंडं नको. दुकानात शिरल्यावर आधी बोंज्यूर, मग मागणी. या एका शब्दाने समोरच्याचा सूर बदलतो.

दुपारी दोननंतर ते संध्याकाळी सातपर्यंत बऱ्याच स्वयंपाकघरांना सुट्टी असते. म्हणून माझा आग्रह आहे की हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. कूर सालेयाच्या बाजारात (सोमवार सोडून रोज भाजी-फुलं, सोमवारी जुन्या वस्तू) ताजी भाजी मिळते. तांदूळ, डाळ, मसाल्याचा डबा बरोबर न्या. रात्री साडेसातला वरणभात होतो आणि बाबांची झोप नीट लागते.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. ऑलिव्हच्या बागेबद्दलचा परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "पानं खालून पांढरट असतात, बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून," आणि मग बराच वेळ त्यावरच बोलत राहिली.

दोन शंका. खोली कुठल्या भागात बघू? जुन्या नीसमधली घरं फोटोत फार गोड दिसतात. आणि मार्सेयबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

जुन्या नीसमध्ये नको. गल्ल्या सुंदर आहेत, फिरायला जाच, पण इमारती जुन्या, जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट क्वचितच. रात्री खाली गोंगाटही असतो. ज्याँ मेद्सँ रस्ता ते समुद्र यांमधला सपाट भाग बघा. विमानतळावरून दोन नंबरची ट्राम थेट तिथे आणते. लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या आहेत का, हे दोन्ही मालकाला लेखी विचारा. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाला लिफ्टच्या आधी आठ-दहा पायऱ्या निघाल्या. ट्रामचं तिकीट चढल्यावर मशीनला लावायला विसरू नका, तपासनीस जागेवर दंड घेतात. स्टेशनांवर आणि गर्दीच्या गाड्यांत पाकीटमार आहेत, काकांचं पाकीट मागच्या खिशात नको.

प्रतिसाद ४

मार्सेयबद्दल मी सांगतो, तिथे काही वर्षं राहिलो आहे.

नीसहून थेट गाडीला अडीच ते पावणेतीन तास लागतात. जाऊन-येऊन साडेपाच तास गाडीत जातील, तुमच्या आईंना ते झेपणार नाही. त्यापेक्षा परतीचा प्रवासच मार्सेयहून करा. शेवटचे दोन दिवस तिथे राहा. मार्सेयहून फ्रांकफुर्टला थेट गाडी आहे, ती कार्ल्सरूहला थांबते, तिथून श्टुटगार्ट जवळ. वेळापत्रक पाहून आधी आरक्षण करा.

सेंट चार्ल्स स्टेशनसमोर शंभराहून जास्त पायऱ्यांचा भव्य जिना आहे. तिकडे जाऊच नका. स्टेशनच्या आतूनच मेट्रो घ्या, दुसरं स्थानक जुनं बंदर.

बाबांसाठी महत्त्वाचं : जुन्या बंदरात आज शिडाच्या नौका आणि होड्या दिसतात. मोठ्या आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेला जोलिएतच्या गोद्यांकडे लागू लागल्या. म्हणून जुन्या बंदराच्या तोंडाशी सेंट-ज्याँ किल्ला आहे तिथे जा. बाहेरच्या तटावर प्रवेश मोफत आहे आणि तिथून उत्तरेकडचं आगबोटींचं बंदर आणि खुला समुद्र दोन्ही दिसतात. सावरकर शौचकुपाच्या गवाक्षातून निसटले, पोहून धक्क्याला लागले, धावले, फ्रेंच शिपायाने पकडून पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात दिलं. हे फ्रान्सच्या भूमीवर घडलं म्हणून खटला हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बाबांनी हे वाचलेलं असणारच, पण तटावर उभं राहून पाण्यापासून धक्क्यापर्यंतची उंची बघितली की त्या उडीची कल्पना येते. मला तरी तिथेच आली.

वर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द चर्च आहे. जुन्या बंदरापासून ६० नंबरची बस वर जाते. तिथून दोन्ही बंदरं एका नजरेत येतात. बस थांबते तिथून पुढे पायऱ्या आहेत, आईंनी खालच्या गच्चीवरूनच बघावं.

प्रतिसाद ५

माझं थोडं वेगळं मत. नीसला चार दिवस पुरे, दोन दिवस मेंतोंला द्या. इटलीच्या सीमेवरचं शांत गाव, सपाट किनारी रस्ता, लिंबाच्या बागांसाठी प्रसिद्ध. श्रीमंती डोळ्यावर येत नाही. आईंना लिंबूवर्गीय फळंही दाखवता येतील. पलीकडे इटलीतल्या व्हेंतिमिलियाला जाणार असाल तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, परतताना फ्रेंच पोलीस गाडीत तपासतात.

तारखांचंही बघा. सप्टेंबरच्या पूर्वार्धात कानला नौकांचं मोठं प्रदर्शन असतं, अखेरीस मोनॅकोत. दोन्ही वेळा किनाराभर खोल्या महागतात. मधला आठवडा साधा.

धागाकर्ती

मधला आठवडा बाबांनाही पटला. आता असं ठरवलं आहे : नीसला पाच रात्री, त्यातच एक दिवस कान आणि एक दिवस मोनॅको. मेंतोंला मुक्काम न हलवता सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कारण सामान घेऊन पुन्हा गाडी बदलणं आईला जड जाईल. मग मार्सेयला दोन रात्री आणि तिथून रेल्वेने घरी. सिमियेला पहिल्याच सकाळी जायचं, हा आईचा हुकूम आहे.

ज्याँ मेद्सँच्या पूर्वेला एक खोली सापडली आहे, स्वयंपाकघर आहे, लिफ्ट आहे. लिफ्टच्या आधी पायऱ्या किती, हे मालकीणबाईंना आजच विचारलं आहे. उत्तर आलं की इथे लिहिते.