बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन परत आणायची, तर फी कोण भरणार?

शेवटचा_लॅप
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन परत आणा, ही मागणी अधूनमधून होतच असते. २०१३ ला मी पुण्याहून रेल्वेने गेलो होतो. जिंकल्यावर जर्मन ड्रायव्हर व्हेटेलने मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, धुरातून उतरला आणि गुडघे टेकून गाडीला वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारचा मुलगा ढसाढसा रडत होता. तो दिवस विसरणं शक्य नाही. तरीही माझं म्हणणं आहे की शर्यत भरवायला आयोजकाने फॉर्म्युला वनवाल्यांना जी फी द्यावी लागते, तिच्यासाठी सरकारने एक रुपयाही देऊ नये.

करारातली फी ४ कोटी डॉलर. २०११ च्या दराने साधारण १९६ कोटी रुपये. पहिल्या वर्षी ९५ हजार प्रेक्षक आले, म्हणजे नुसती फी निघायला सरासरी तिकीट साडेवीस हजारांचं हवं होतं. स्वस्तातलं तिकीट होतं अडीच हजारांचं. दुसऱ्या वर्षी गर्दी ६५ हजारांवर आली. २०१३ पर्यंत डॉलर ४९ वरून ६१ च्या पुढे गेला, तेवढीच फी धरली तरी आकडा २४५ कोटींच्या घरात. टीव्हीचे हक्क, ट्रॅकभोवतीच्या जाहिराती, पॅडॉक क्लब म्हणजे बड्या पाहुण्यांच्या महागड्या जागा, हे सगळं फॉर्म्युला वनवाल्यांचं. आयोजकाला उरतात तिकिटं. सर्किट बांधायला आयोजक जेपी समूहाने सुमारे २ हजार कोटी घातले, ते वेगळेच.

कोल्हापूरकर
हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. फी एकाच्या खिशातून जाते आणि कमाई शंभर जणांची होते: हॉटेलं, टॅक्सीवाले, विमान कंपन्या. त्यावरचा कर सरकारलाच मिळतो ना? टेक्सासने ऑस्टिनच्या शर्यतीसाठी नेमकं हेच केलं. शर्यतीमुळे वाढलेला कर मोजायचा आणि त्यातून आयोजकाला परतफेड करायची, वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर. आपल्याकडे उत्तर प्रदेशने करमणूक कर माफ केला, तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिकिटांच्या रकमेतले २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लागले. फॉर्म्युला वनच्या आयकराचा निकाल लागायला २०१७ उजाडलं, तोवर शर्यत बंद पडून चार वर्षं झाली होती. नियमच ठरलेले नसतील तर कुठला आयोजक टिकेल? आमच्याकडे पोरं कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून सुरुवात करतात. त्यांना वरची पायरी आपल्या देशात दिसायला नको का?

मेधा_ठाणे
नियम ठरलेले असले तरी भागत नाही, ब्रिटनचं सिल्वरस्टोन सर्किट बघा. सत्तर वर्षांची परंपरा आणि खच्चून भरणारे स्टँड. फी मात्र दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जायची: २०१० ला १.१५ कोटी पौंड, २०१७ ला १.६२ कोटी. २०१५ ला २८ लाख पौंड तोटा, २०१६ ला ४८ लाख. शेवटी मालक असलेल्या क्लबने २०१७ मध्ये करार मोडायची नोटीस दिली, तेव्हा कुठे नव्या अटींवर २०१९ चा करार झाला. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी सरळ नाही म्हणायला शिकावं. मलेशियाने सेपांगची शर्यत २०१७ नंतर सोडलीच.

कोल्हापूरकर
म्हणजे घासाघीस करता येते, हेच तुम्ही सिद्ध केलंत. सोडून देणं हा एकच उपाय नाही.

शेवटचा_लॅप
कोल्हापूरकर, वाढीव कर मोजायचा म्हणता, पण दिल्लीकराने तिकिटाला घातलेले पाच हजार त्याने एरवी लाजपतनगरात खर्च केलेच असते. ती वाढ नव्हे. मोजायचंच तर परदेशातून आणि परराज्यातून आलेल्यांचा खर्च मोजा. माझ्यासारखे त्यात येतील. मी दोन रात्री राहिलो आणि जेवण, रिक्षा धरून पाच हजारांच्या आत भागवलं. असे किती जण लागतील २४५ कोटींना?

आणि कार्टिंगच्या पोरांसाठीच म्हणत असाल तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आणि कोइमतूरचा कारी २००३ पासून फॉर्म्युला वनशिवाय चालले आहेत. तसला एक साधा ट्रॅक महाराष्ट्रात होणार असेल, तर त्यासाठी सरकारी पैसा मागायला मी तुमच्यासोबत येतो.

कोल्हापूरकर
त्याला मी कधी नको म्हटलं? पण हा ट्रॅक बांधून तयार उभा आहे. २०२३ ला तिथे मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत झाली, उन्हापायी फेऱ्या कमी कराव्या लागल्या तरी लोक जागचे हलले नाहीत. ते स्टँड पुन्हा भरलेले मला बघायचे आहेत.