ब्रेक्झिट अडवलं कोणी? 'गद्दार खासदार' म्हणणाऱ्यांसाठी

क्रॉयडनकर

परवा इथे एका सदस्याने लिहिलं, "२०१६ साली ब्रिटिश जनतेने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा स्पष्ट कौल दिला आणि लंडनच्या खासदारांनी तो साडेतीन वर्षं अडवून धरला. लोकशाहीशी याहून मोठी गद्दारी नाही." खाली सहमतीची रांग लागली. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गद्दारीचा आरोप करण्याआधी कोणी कुठे मत दिलं ते तरी बघा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युनियनशी केलेला बाहेर पडायचा करार संसदेत १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. त्यांच्याच हुजूर पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले आणि त्यांत ब्रेक्झिटच्या नावाने सर्वांत मोठ्याने ओरडणारे होते. १२ मार्चला पुन्हा पडला, १४९ मतांनी. तिसऱ्यांदा २९ मार्चला, म्हणजे मुळात ज्या दिवशी ब्रिटनने बाहेर पडायचं होतं त्याच दिवशी, ३४४ विरुद्ध २८६. त्याआधी बाईंनी 'करार मंजूर करा, मी पद सोडते' इथपर्यंत तयारी दाखवली होती. तरीही २८ कट्टर ब्रेक्झिटवाले आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० जण 'नाही'च म्हणाले. ५८ चा फरक भरून काढायला ३० जण इकडून तिकडे जाणं पुरेसं होतं. हे ३८ होते. म्हणजे ज्यांना बाहेर पडायची सगळ्यांत जास्त घाई होती, त्यांनीच दार लावून घेतलं.

आणि दोष त्यांचा एकट्यांचाही नाही. मतपत्रिकेवर 'राहायचं' आणि 'बाहेर पडायचं' एवढंच होतं. राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. बाहेर पडून कुठे जायचं, नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे युरोपच्या एकाच बाजारपेठेत, थांबायचं, तुर्कीसारखं कस्टम्स युनियन, म्हणजे सामायिक जकात, ठेवायचं, कॅनडासारखा करार करायचा की काहीच न करता निघायचं, हे कोणी विचारलंच नाही. १ कोटी ७४ लाख लोकांनी एकच फुली मारली, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं ठिकाण वेगळं होतं. बाहेर पडण्याला बहुमत होतं, बाहेर पडण्याच्या एकाही रीतीला नव्हतं. कोंडी झाली ती इथे.

तंदूरवाला_लेस्टर

क्रॉयडनकर साहेब, हिशोब सोयीच्या तारखेपासून मांडलात. १ फेब्रुवारी २०१७ पासून मांडा. कलम ५०, म्हणजे युनियनमधून बाहेर पडायचं कलम, लागू करायच्या विधेयकाला याच खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ असा पाठिंबा दिला. कुठे जायचं ते माहीत नव्हतं, तर तेव्हा हात वर का केला? जून २०१७ च्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर दोन्ही पक्षांनी 'कौल मान्य आहे' असं जाहीरनाम्यात छापून मतं मागितली. दोघांना मिळून ८२ टक्के मिळाली. मग २७ मार्च २०१९ ला आठ पर्याय समोर ठेवले, तर आठच्या आठ पाडले! लोकांनी एक काम सांगितलं, तुम्ही ते होईल असं वचन दिलंत, आणि मग प्रत्येक रस्त्यावर आडवे झोपलात. याला गद्दारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तुम्ही लोक फक्त आकड्यांवर बोलता. मी का मत दिलं ते सांगतो. लेस्टरला माझं छोटं हॉटेल आहे. तंदूरवर उभा राहणारा माणूस कॉलेजात तयार होत नाही. भट्टीच्या भिंतीचा रंग बघून त्याला कळतं, आता नान चिकटेल की सुटून निखाऱ्यात पडेल. नांदेडचा असा एक पक्का माणूस मला आणायचा होता. २०१६ साली आचाऱ्याला वर्षाला २९,५७० पौंड पगार दाखवायला लागायचा, आणि हॉटेलात टेकअवे असेल तर अर्जच चालायचा नाही. लेस्टरमध्ये टेकअवेशिवाय देशी हॉटेल चालवून दाखवा कोणीतरी. त्याच वेळी युरोपातून कोणीही बॅग उचलून यावं, त्याला पगाराची अट नाही, इंग्रजीची नाही. ब्रेक्झिटचा प्रचार करणाऱ्या हुजूर पक्षाच्या प्रीती पटेल म्हणाल्या, बाहेर पडलो तर आपल्या लोकांना समान न्याय मिळेल. मी 'लीव्ह'वर फुली मारली. आणि भारतीय पासपोर्टवर मारली, कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला तो हक्क होता.

गोव्यातून तर लोक पोर्तुगालचा पासपोर्ट करून सरळ इथे उतरत होते, लिस्बन डोळ्यांनी न बघता. माझा नांदेडवाला समोरच्या दाराशी रांगेत, आणि हे मागच्या दाराने आत.

डिचोलीची (स्विंडन)

तंदूरवालेदादा, मागचं दार कोणाला म्हणता? जरा सांभाळून बोला.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने त्यांचा नागरिक, आणि त्याच्या मुला-नातवंडांना नोंद करून घेता येते. तो कायदा आम्ही केला नाही. माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद काढताना जुन्या वहीत आजोबांच्या नावात एक अक्षर वेगळं निघालं. त्या एका अक्षरासाठी कोर्टात किती हेलपाटे घातले ते आमच्या आईला विचारा. मग कागद लिस्बनला. शेवटी भारतीय पासपोर्ट परत करायचा, त्याच्यावर 'रद्द'चा शिक्का बसताना समोर उभं राहून बघायचं. मागच्या दाराने येणाऱ्याला एवढं सोसावं लागत नाही.

इथे आले ती रात्रपाळीला. मनगटाला स्कॅनर बांधून वेअरहाऊसमध्ये पार्सलं काढली. टॅक्स भरला, नॅशनल इन्शुरन्स भरला. २३ जून २०१६ ला मतदान माझ्या राहण्यावर होतं आणि मला मत नव्हतं! आमच्याच घरात वरच्या खोलीत नागपूरचा एक मुलगा राहायचा, येऊन वर्षही झालं नव्हतं, त्याला होतं. आयरिश, माल्टा, सायप्रसवाल्यांना होतं. स्विंडनने ५४.७ टक्क्यांनी बाहेर पडा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये सुपरवायझरने हसत विचारलं, "मग तू कधी जाणार?" मी हसले नाही.

तुम्ही दोघं कोंडी कोणी केली म्हणून भांडताय. आम्ही त्या कोंडीत राहिलो. 'नो डील' झालं, म्हणजे करार न होताच बाहेर पडलो, तर काय, मुलाच्या शाळेचं काय, वर्षभर दर आठवड्याला नवी अफवा.

तंदूरवाला_लेस्टर

ताई, तुमच्या कष्टांबद्दल मी काही बोललो नाही. कायद्याने मिळालं म्हणजे ते न्याय्य होतं असं होत नाही, एवढंच म्हणतोय. नांदेडचा माणूस आणि डिचोलीचा माणूस, दोघं आपलेच. एकाच्या आजोबांवर पोर्तुगीजांनी राज्य केलं म्हणून त्याला रान मोकळं, आणि दुसऱ्याच्या आजोबांवर निजामाने केलं म्हणून त्याला कुलूप? हे तुम्हाला पटतं?

डिचोलीची (स्विंडन)

नाही पटत. मग त्याच्यासाठी दार उघडा म्हणायचं होतं. माझं लावा कशाला म्हणालात?

सहकारनगरचा

वाद रंगलाय म्हणून लिहितो. राज्यशास्त्र शिकवतो, पुण्यात. जनमत कौलात मतदार कोण हा तांत्रिक प्रश्न नसतो, अर्धा निकाल तिथेच लागतो. २०१४ च्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या कौलात तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना मत होतं, १६-१७ वर्षांच्या मुलांनाही होतं. २०१६ ला दोघांनाही नाकारलं. निकालातला फरक १२ लाख ६९ हजार ५०१ मतांचा. युरोपीय रहिवासी तीस लाखांच्या घरात होते. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

तंदूरवाला_लेस्टर

सर, संसदेच्या निवडणुकीला जे मतदार असतात तेच इथे घेतले. त्या यादीतून लागलेले बाकीचे निकाल तुम्हाला चालतात. हाच तेवढा खुपतो.

क्रॉयडनकर

पासपोर्टवर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथला मुद्दा कोंडीचा आहे. ४९८ मतांचं म्हणाल तर ती मतं 'निघायला सुरुवात करा' याला होती. कलम ५० लागू केलं की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं, हे माहीत असून मे यांनी २९ मार्च २०१७ ला ते सुरू केलं आणि लगेच निवडणूक घेऊन हातातलं बहुमत घालवलं. ३१७ जागा. मग डीयूपीच्या दहा जणांच्या खांद्यावर सरकार. उत्तर आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न ज्यांच्या दाराशी, नेमक्या त्यांच्याच हातात नकाराधिकार गेला.

बेलफास्टहून

शेवटी कोणाला तरी आमची आठवण झाली. मी इथे नर्स आहे. न्यूरीहून डंडॉककडे गाडी नेली की सीमा कधी ओलांडली ते कळत नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरच्या होतात, एवढंच. मी भारतीय पासपोर्टवर असताना मला पलीकडे जायला वेगळा आयरिश व्हिसा लागायचा, पण बघायला रस्त्यावर कोणी नसायचं. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर सांगतात, त्यांच्या लहानपणी तिथे सैनिक बंदूक घेऊन गाडीत डोकावायचे. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ते गेलं. सिंगल मार्केट सोडायचं, कस्टम्स युनियन सोडायचं, सीमेवर चौकी नको आणि आयरिश समुद्रातही तपासणी नको, हे सगळं एकाच वेळी होत नाही. कोणीही पंतप्रधान येऊ दे. बॅकस्टॉपला, म्हणजे सीमेवर चौकी येऊ नये म्हणून मे यांच्या करारात घातलेल्या तरतुदीला, शिव्या घालणाऱ्यांपैकी एकानेही दुसरा चालणारा उपाय सांगितला नाही. आणि शेवटी मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन साहेबांनी काय केलं? तपासणी समुद्रात नेली. डीयूपीने मे यांचा करार तीनदा पाडून स्वतःच्या पदरात त्याहून वाईट पाडून घेतलं.

तंदूरवाला_लेस्टर

बेलफास्टच्या ताईंचा मुद्दा खरा आहे. २८ अधिक १० चा हिशोबही मी पुन्हा करून बघितला, तो बरोबर येतो, काय करणार. त्या दिवशी ते हो म्हणाले असते तर २२ मेला सुटलो असतो. पण मग दुसऱ्या बाजूचंही मान्य करा. १ एप्रिलला हुजूर पक्षाचेच खासदार केन क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा पडला. तीन मतांनी! स्कॉटिश नॅशनल पार्टीचे लोक त्या वेळी तटस्थ बसले, कारण त्यांना ब्रेक्झिटच नको होतं. तुमच्या 'रिमेन'वाल्यांना मधला रस्ता नको होता, दुसरं जनमत घेऊन पहिलं पुसायचं होतं.

क्रॉयडनकर

हे नाकारत नाही. त्या रात्री मी टीव्हीसमोर होतो. सिंगल मार्केटमध्ये थांबायचा आपला प्रस्ताव पडल्यावर हुजूर खासदार निक बोल्स भर सभागृहात पक्ष सोडतो म्हणून निघून गेले, आणि मागून एक खासदार "निक, जाऊ नका" म्हणत राहिले. त्यांच्या प्रस्तावालाही २६१ होती. दोन्हीकडच्यांना वाटत होतं, अजून थोडं ताणू, मग सगळंच आपल्याला मिळेल. पण मधला रस्ता आधी मागायला पाहिजे होता तो पंतप्रधानांनी. निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात मजूर पक्षाला बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी. बोलावलं एप्रिल २०१९ मध्ये, तीनदा हरल्यावर.

डिचोलीची (स्विंडन)

आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला, गोव्याने महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. फूल जिंकलं तर काय होणार, पानं जिंकली तर काय, गावातल्या म्हातारीलाही माहीत होतं. मुख्यमंत्री बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला, मग कौल. ३४,०२१ मतांनी फूल हरलं. माझे आजोबा फुलाचे, शेवटपर्यंत हळहळत राहिले, पण 'कशाला मत दिलं ते कळलं नाही' असं कधी म्हणाले नाहीत. प्रश्न नीट विचारला की हरलेलाही निमूट घरी जातो. क्रॉयडनकरांचं एवढं म्हणणं मला पटतं.

सहकारनगरचा

आणि कोंडी फुटली तीही कोणाचं मन वळवून नाही. डिसेंबर २०१९ ला हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा. ८० चं बहुमत हाती आल्यावर वाद मिटवायची गरजच उरली नाही.

क्रॉयडनकर

तंदूरवाले, एक विचारतो, मनापासून. एप्रिल २०२४ ला व्हिसाची पगार मर्यादा ३८,७०० पौंडांवर नेली. नांदेडचा माणूस आला का?

तंदूरवाला_लेस्टर

आला. २०२१ च्या नव्या नियमांत बसला, अजून माझ्याकडेच आहे. दुसरा आता आणता येत नाही, हे खरं. पण तो दोष बाहेर पडण्याचा नाही, त्या सरकारचा. आधी ब्रसेल्सकडे, म्हणजे युनियनकडे, बोट दाखवून मोकळे व्हायचे. आता कोणाला घरी पाठवायचं ते मला कळतं, आणि जुलै २०२४ मध्ये देशाने पाठवलं.

डिचोलीची (स्विंडन)

तुम्हाला पाठवता येतं, दादा. मला सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालं, कौन्सिलच्या निवडणुकीला मत आहे, संसदेला अजून नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला मोठ्या माणसाला दीड हजार पौंडांहून जास्त लागतात. आधी मुलाचा भरलाय. माझा पुढच्या वर्षी बघू.